उन्हाळ्यात म्हैस माजावर का येत नाही?



गेल्या वर्षी मे महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. वसुलीचा विषय निघाला आणि एक ताई खाली मान घालून बसल्या. त्यांनी गटातून कर्ज काढून म्हैस घेतली होती. म्हैस गणपतीच्या सुमारास व्याली, दूध चांगलं दिलं, पण नंतर काही गाभण राहिली नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. म्हैस माजाचं नावच घेईना. दूध आटत चाललं, वैरण मात्र चालूच. शेवटी घरच्यांनी ठरवलं की म्हैस वांझ आहे, आणि मिळेल त्या किमतीला व्यापाऱ्याला देऊन टाकली. कर्जाचे हप्ते शिल्लक राहिले, दावण रिकामी झाली.

दिवाळीनंतर त्याच ताई भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, ती म्हैस पलीकडच्या गावात एकाकडं हाय. गाभण राहिली म्हणं." पुढं त्या काही बोलल्या नाहीत. मलाही काय बोलावं ते सुचलं नाही.

मी समाजकार्य शिकलेली मुलगी. बचत गटाचं दप्तर, बँक लिंकेज, पंचसूत्री हे मला सांगता येतं, जनावरांतलं मात्र काही कळत नव्हतं. पण एकच म्हैस मे महिन्यात वांझ आणि दिवाळीत गाभण, हे कसं? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलं, पशुसखी ताईंबरोबर गोठ्यांत हिंडले, पुस्तकं वाचली. जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिल्यांदा मी बैठकीत "माज" हा शब्द काढला तेव्हा सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही लाजले. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "हसताय काय गं? घरातलं दूध त्याच्यावरच चालतंय." अगदी बरोबर. म्हणून आज न लाजता बोलूया.

सगळा कारभार मेंदूतून

आपल्याला वाटतं, माज म्हणजे गर्भाशयाचं काम आणि ताप म्हणजे अंगाचं काम. प्रत्यक्षात दोन्हींचा कारभार मेंदूच्या एकाच भागातून चालतो. मेंदूच्या अगदी तळाशी एक छोटा भाग असतो, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. माणसात तो साधारण बदामाएवढा. त्याच्या खाली देठाला लटकलेल्या फळासारखी एक ग्रंथी असते, ती पिट्युटरी. माणसात ती वाटाण्याएवढी. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, सगळ्यांच्या मेंदूत ही जोडी आहे.

आपल्या ग्रामसंघाचं उदाहरण घ्या. हायपोथॅलॅमस म्हणजे अध्यक्ष आणि पिट्युटरी म्हणजे सचिव. अध्यक्ष स्वतः गावभर फिरत नाहीत. त्या सचिवांना सांगतात, सचिव प्रत्येक गटाला निरोप धाडतात आणि गट कामाला लागतात. शरीरात हे निरोप रक्तातून जातात. त्या निरोपांनाच हार्मोन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात संप्रेरक. निरोप अगदी थोडा असतो, पण योग्य ठिकाणी पोहोचला की काम होतं.

अध्यक्षांकडं मुख्य खाती कोणती? अंगाचं तापमान, भूक, तहान, झोप आणि जाग, भीती, आणि प्रजनन म्हणजे माज. एकाच टेबलावर एवढी खाती असली की एक गोष्ट होतेच. एका खात्यात संकट आलं की दुसऱ्या खात्याचं काम मागं पडतं. गावात पाण्याची टंचाई आली तर ग्रामसभेत आधी टँकरचा विषय होतो, समाजमंदिराच्या रंगाचा विषय पुढच्या सभेला. म्हशीच्या मेंदूतही उन्हाळ्यात असंच होतं.

अंगाचं तापमान कसं सांभाळलं जातं

निरोगी म्हशीच्या अंगाचं तापमान साधारण १०० ते १०१.५ डिग्री फॅरनहाइट असतं. गाईचं १०१ ते १०२ च्या आसपास. शेळीचं त्याहून जास्त, १०२ ते १०३.५. म्हणून शेळीचं अंग हाताला गरम लागलं तर लगेच ताप समजू नका. आपल्या अंगापेक्षा तिचं अंग मुळातच गरम असतं.

हायपोथॅलॅमसमध्ये रक्ताची ऊब ओळखणाऱ्या पेशी आहेत. कातडीकडून येणाऱ्या खबरीही तिथंच पोहोचतात. अंग तापलं की मेंदू दोन प्रकारचे हुकूम सोडतो.

पहिला हुकूम नसांवाटे जातो आणि तो लगेच अमलात येतो. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते. घाम सुटतो. श्वास जोरात चालतो, जनावर धापा टाकतं.

दुसरा हुकूम हार्मोनवाटे जातो आणि हळूहळू लागू होतो. मेंदू थायरॉइड ग्रंथीला जाणारा निरोप कमी करतो. थायरॉइडचं हार्मोन म्हणजे चुलीतली फुंकर. ते कमी झालं की शरीराची आतली चूल मंद होते. भूकही कमी केली जाते, कारण वैरण पचवताना पोटात भरपूर उष्णता तयार होते. म्हणून ऐन उन्हाळ्यात म्हैस दुपारी वैरणीला तोंड लावत नाही, सुस्त उभी राहते, दूध कमी देते. ती नखरे करत नाही. तिचा मेंदू चूल मंद करून तिला वाचवत असतो.

यात म्हशीची अडचण गाईपेक्षा मोठी आहे. तिची कातडी काळी, ऊन शोषून घेणारी. अंगावर केस विरळ, त्यामुळं सावली धरायलाही काही नाही. आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं बऱ्याच कमी. घामानं थंड होणं तिला नीट जमत नाही, म्हणून ती पाण्यात आणि चिखलात डुंबते. डुंबणं ही तिची चैन नाही, गरज आहे. पूर्वी ओढ्याला, तळ्याला म्हशी बसायच्या. आता पाणी नाही, आणि म्हैस दिवसभर पत्र्याखाली बांधलेली. मग तिनं थंड व्हायचं कसं?

माज म्हणजे मस्ती नाही, मेंदूचा निरोप आहे

आपण एखाद्याला "लई माज आलाय" म्हणतो, तेव्हा अर्थ मस्तीचा असतो. पण जनावराचा माज ही मस्ती नाही. त्यामागं निरोपांची एक साखळी आहे.

हायपोथॅलॅमस एक हार्मोन थेंबाथेंबानं सोडतो. त्याचं नाव जीएनआरएच. ते पिट्युटरीला मिळालं की पिट्युटरी दोन हार्मोन अंडाशयाकडं धाडते. त्यामुळं अंडाशयात बीज वाढायला लागतं. वाढणारं बीज स्वतःचं हार्मोन तयार करतं, ते इस्ट्रोजेन. हे इस्ट्रोजेन रक्तातून उलट मेंदूकडं जातं आणि सांगतं, "बीज तयार आहे."

हा उलटा निरोप जोरदार असला की मेंदूत दोन गोष्टी होतात. एक, जनावराचं वागणं बदलतं. ते अस्वस्थ होतं, ओरडतं, वारंवार थोडं थोडं लघवी करतं, शेपटी उचलून धरतं, दूध चोरतं, खाण्यावरचं लक्ष उडतं. योनीतून काचेसारखा चिकट सोट पडतो, कुणी त्याला बळस म्हणतं. दोन, मेंदू जीएनआरएचचा मोठा लोंढा सोडतो, आणि त्यानंतर बीज सुटतं. गाई-म्हशीत हे चक्र साधारण २१ दिवसांनी फिरून येतं.

गंमत अशी की माज आणि तापमान इथंही हातात हात घालून चालतात. माजाच्या दिवशी जनावराचं तापमान थोडंसं चढतं. आजारपण नसताना, सावलीत असताना, अर्धा-एक डिग्री जास्त आणि जनावर अस्वस्थ असेल तर आधी माजाची बाकीची लक्षणं बघा.

हे मेंदूतले हार्मोन शोधायला शास्त्रज्ञांना किती कष्ट पडले ते वाचून मी थक्क झाले. अमेरिकेत रॉजर गिमाँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू कत्तलखान्यांतून गोळा केले. लाखो मेंदूंच्या त्या छोट्या तुकड्यांतून चिमूटभर हार्मोन मिळायचं. १९६९ मध्ये थायरॉइडचा निरोप उलगडला, १९७१ मध्ये माजाचा. रक्तातलं इतकं बारीक हार्मोन मोजायची पद्धत शोधण्यात रोझलिन यॅलो या बाईंचा वाटा मोठा. १९७७ चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. आज डॉक्टर काही म्हशींना तपासून जे माजाचं इंजेक्शन देतात, त्यातलं एक याच जीएनआरएचचं असतं. म्हणजे त्या मेंढ्यांच्या मेंदूतून निघालेलं ज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत आलं आहे.

मग उन्हाळ्यात काय बिघडतं?

अंग सतत तापलेलं राहिलं की मेंदू ते संकट समजतो. संकटाच्या वेळी तो वेगळी साखळी चालू करतो. तिच्या शेवटी मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन निघतं. त्याचं काम जीव वाचवायचं. पण संकटाची ही साखळी जोरात असली की माजाची साखळी दबते. जीएनआरएचचे थेंब कमी पडतात.

दुसरं, उन्हाळ्यात म्हशीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं पिट्युटरीचं हार्मोन वाढतं. तेही माजाच्या साखळीला आवर घालतं.

तिसरं, दिवस मोठा असतो. मेंदूत अंधार पडल्यावर तयार होणारं मेलाटोनिन नावाचं हार्मोन आहे. रात्र लहान तर ते कमी वेळ मिळतं. म्हशीचा मेंदू त्यावरून ऋतू ओळखतो. म्हैस मुळात लहान दिवसांत, म्हणजे पावसाळा सरल्यापासून हिवाळ्यापर्यंत, चांगली माजावर येणारी आहे. त्या ताईंची म्हैस दिवाळीच्या सुमारास गाभण राहिली ती उगाच नाही.

आणि चौथं, म्हैस खातच कमी. पोटात कमी गेलं की मेंदू म्हणतो, आत्ताच पोटाला नाही, वासरू कुठून पोसायचं?

या सगळ्यामुळं बीज वाढतं, पण त्याचं इस्ट्रोजेन कमी पडतं. मेंदूकडं उलटा जाणारा निरोप अगदी हलका होतो. कधी कधी बीज सुटतंही, पण म्हैस ओरडत नाही, अस्वस्थ होत नाही, दिवसा काही दाखवत नाही. यालाच आपण मुका माज म्हणतो. माज येतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. ऊन फारच कडक असेल आणि म्हैस खंगलेली असेल तर चक्रच थांबतं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मुका माज म्हणजे वांझपणा नाही. थांबलेलं चक्र म्हणजेही वांझपणा नाही. मेंदूनं तो विषय पुढच्या सभेवर ढकललेला असतो.

आणि पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होत नाही. अंडाशयात बीज वाढायला बराच काळ लागतो. मे महिन्यात तापलेल्या बीजाचा परिणाम पुढं काही आठवडे दिसत राहतो. म्हणून जून-जुलैमध्ये "आता तर गारवा आला, तरी माज नाही, म्हणजे वांझच" असं म्हणून म्हैस विकायची घाई करू नका.

एक माज चुकला तर

साधा हिशोब करूया. एक माज चुकला की पुढचा २१ दिवसांनी. तीन माज चुकले की ६३ दिवस, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. तेवढे दिवस पुढचं वेत लांबलं. म्हशीचा गाभणकाळ साधारण दहा महिने दहा दिवसांचा, तो काही कमी होत नाही. म्हणजे आज चुकलेला माज वर्षभरानं दुधाच्या पैशात दिसतो. मधल्या काळात वैरण, पेंड आणि गटाचा हप्ता चालूच.

तुमच्या घरी एक दिवसाचा वैरण-पेंडीचा खर्च किती, तो ६३ नं गुणून बघा. मी एका गटात हा हिशोब करायला लावला तेव्हा बैठक एकदम शांत झाली.

ताप आणि ऊन यांत फरक आहे

अंग गरम लागलं की आपण म्हणतो ताप आला. पण मेंदूच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोगजंतूंचा ताप येतो तेव्हा शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो हायपोथॅलॅमसला सांगतो, तापमानाची खूण वर सरकव. मग मेंदूच अंग तापवतो. जनावर थरथरतं, केस उभे राहतात, कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. तापाचं औषध हा पदार्थ अडवतं, म्हणून ताप उतरतो.

ऊन लागतं तेव्हा मेंदूची खूण जागेवरच असते. तो अंग थंड करायला धडपडत असतो, पण उष्णता बाहेर पडत नाही. जनावर धापा टाकतं, तोंड उघडतं, लाळ गळते, सावली आणि पाणी शोधतं. इथं तापाची गोळी काम करत नाही. इथं औषध म्हणजे सावली, पाणी आणि वारा. म्हणून घरात उरलेली माणसांची गोळी जनावराला देऊ नका. ऊन लागलं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि दुसरा आजार असेल तर तो झाकला जातो.

थर्मामीटर प्रत्येक गटात एक तरी असावा. गुदद्वारात कडेला टेकवून दोन मिनिटं धरायचा, मागच्या बाजूला दोरी बांधून ठेवायची, म्हणजे हातातून सुटत नाही. श्वासही मोजता येतात. बरगडीमागची खोबण एकदा वर-खाली झाली की एक श्वास. सावलीत शांत उभ्या जनावराचे मिनिटाला साधारण वीस-तीस भरतात. साठच्या वर गेले तर जनावराला उष्णतेचा त्रास होतोय.

गोठ्यात काय करायचं

मेंदूला "संकट टळलं" हे पटलं की तो माजाचं खातं पुन्हा उघडतो. ते पटवणं आपल्या हातात आहे.

• दुपारच्या आत आणि दुपारनंतर म्हशीच्या अंगावर पाणी टाका. दिवसातून दोन-तीन वेळा. पाणी कमी असेल तर ओलं गोणपाट पाठीवर टाका आणि वारा लागू द्या. वारा नसेल तर नुसत्या ओलाव्यानं गोठा कोंदट होतो.

• पत्र्याचा गोठा असेल तर वर पाचट किंवा कडबा पसरा, किंवा पत्र्याला वरून चुना मारा. झाडाची सावली सगळ्यांत चांगली.

• पिण्याचं पाणी सावलीत ठेवा आणि दिवसभर समोर राहू द्या. उन्हात तापलेलं पाणी जनावर पोटभर पीत नाही.

• वैरण पहाटे आणि रात्री जास्त द्या. पचनाची उष्णता थंड वेळेत तयार होऊ द्या. दुपारी पोट भरायचा आग्रह नको. हिरवी वैरण, मीठ आणि खनिज मिश्रण चुकवू नका.

• मारझोड, आरडाओरड टाळा. घाबरलेलं जनावर मेंदूसाठी संकटातच असतं. ते पान्हाही सोडत नाही, कारण पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिनसुद्धा मेंदूतच तयार होतं आणि भीतीनं अडतं.

• माज रात्री आणि पहाटे बघा. उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुतेक करून गारव्याला दिसतो. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे धारेच्या आधी पंधरा-वीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहा. शेपटीला चिकटलेला सोट, बसल्या जागी पडलेला चिकट डाग, अचानक कमी झालेलं दूध, पुन्हा पुन्हा लघवी, एवढं बघा. ओरडण्याची वाट बघत बसू नका.

• सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतनानंतरचे दिवस म्हशीला विशेष थंड ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला उष्णता सोसत नाही.

• तारीख लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाच्या तारखेला गोल करा आणि २१ दिवस पुढं दुसरा गोल. त्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा.

तापमान १०३ च्या वर गेलं आणि पाणी-सावली करूनही तासाभरात उतरलं नाही, किंवा जनावर खाली बसलं आणि उठेना, तर वेळ घालवू नका. डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ ला फोन करा.

आणि व्याल्यापासून तीन महिने झाले तरी माज दिसत नसेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रत्येक वेळी दोष उन्हाचाच असतो असं नाही. गर्भाशयात पू असू शकतो, अंगात खनिजं कमी असू शकतात. आणि कधी म्हैस गाभणच असते, आपल्याला माहीत नसतं! इंजेक्शन घ्यायचं की नाही ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. ऐकीव माहितीवर दुकानातून आणून टोचू नका.

जाता जाता आपल्या अंगाबद्दल

हे सगळं वाचताना मला आपलीच आठवण झाली. आपल्याही मेंदूत हीच जोडी आहे, हेच जीएनआरएच आहे. महिन्याच्या मध्यात बीज सुटल्यानंतर आपलंही तापमान साधारण अर्धा डिग्री फॅरनहाइट किंवा जरा जास्त चढतं आणि पाळी येईपर्यंत तसंच राहतं.

पाळी जाण्याच्या वयात अनेक ताईंना अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात, "तिला सवयच आहे कुरकुरायची." पण कारण मेंदूत आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी नको तितक्या जोरात काम करतात आणि शेजारच्या तापमानाच्या खात्यात गोंधळ होतो. अंग तापलेलं नसतानाही मेंदू "थंड करा" असा हुकूम सोडतो. हा आजार नाही, नाटकही नाही. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना सांगायचं, त्यात लाज कसली?

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा त्याच आजी म्हणाल्या, "म्हंजी म्हशीचं आन् आमचं एकच की गं पोरी. बोलली न्हाई की म्हणायचं, हिला काय धाड भरलीय." सगळ्या हसल्या, पण पटलं सगळ्यांना.

पुढच्या बैठकीत

प्रत्येक गटाला माझी एक विनंती आहे. ज्यांनी जनावरासाठी कर्ज घेतलंय त्यांच्यासाठी वहीत एक पान करा. व्याल्याची तारीख, माजाच्या तारखा, रेतनाची तारीख, तपासणीची तारीख, एवढे चार रकाने. महिन्याच्या बैठकीत हप्त्याबरोबर हे पानही वाचा. एखादीची म्हैस तीन महिने मुकी असेल तर ते सगळ्यांना कळेल, आणि पशुसखी ताई वेळेत पोहोचतील.

आणि गटातल्या कुणी "म्हैस वांझ आहे, विकायची" असं म्हटलं, तर तिला तीन प्रश्न विचारा. महिना कोणता आहे? रात्री-पहाटे बघितलं का? डॉक्टरांनी तपासलं का? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय दावं सोडायचं नाही.

त्या ताईंनी यंदा पुन्हा म्हैस घेतली आहे. गोठ्यावर पाचट टाकलंय, कॅलेंडरवर गोल केलेत. मागच्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला त्यांचा फोन आला. मी घाबरून उठले. त्या म्हणाल्या, "मॅडम, शेपटीला सोट हाय. वरडली न्हाई अजिबात, पन मी बघितलं."

तुमची,
क्षेत्र समन्वयक